करवंद सरबताची बाटली

आमच्या घरात वाईन मी पिते आणि नवरा ताक पितो. हे वाक्य आजवर मी कुणापुढे बोललेले नाही. म्हणून आधी तेच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळायला नको.

रोज नाही हं. रविवारी, दुपारच्या जेवणाबरोबर, एक पेला. बाकीचे सहा दिवस मी नगरजवळच्या नागापूरला एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत असते. डब्यांची झाकणं उघडायची, रंग ढवळायचा, दाटपणा मोजायचा. तो वास नाकात असा ठाण मांडून बसतो की शनिवारपर्यंत कोथिंबीरसुद्धा रंगासारखी लागते. रविवारी सकाळी न्हायचं, कांदा चिरायचा, लसूण ठेचायचा, आणि मग कुठे नाक पुन्हा माझं होतं. त्या जेवणात घाई केलेली मला खपत नाही. मध्येच कुणाचा फोन आला तर मी उचलत नाही, आणि उचललाच तर करणाऱ्याला पश्चात्ताप होतो.

वाईनची ओळख झाली कारखान्याच्या सहलीत, नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात. तिथल्या मुलीने काचेच्या ग्लासात बोटभर लाल ओतलं आणि म्हणाली, "मॅडम, आधी फिरवा, मग वास घ्या, मग छोटा घोट." आमच्या बायका खिदळत होत्या. मी घोट घेतला आणि मनात म्हटलं, अगं बाई, हा तर काढा! तुरट, आंबट, जीभ जड करणारा. थुंकायला जागा शोधत होते तेवढ्यात मागून दुसरंच काही आलं. करवंद. काळं, उन्हात तापलेलं, देठाला अजून चीक असलेलं करवंद. आणि त्याच्या मागे जांभूळ. मी राजूरची. अकोले तालुक्यातल्या त्या डोंगरांत उन्हाळाभर आम्ही पोरी काटे टोचून घेत करवंदं खायचो, आणि जांभळांनी जीभ अशी जड व्हायची की शब्द धड फुटायचे नाहीत. चाळीस वर्षांनी ती जीभ मला परत मिळाली. मी तिथेच रडले असते, पण पॅकिंगमधली मैत्रीण टक लावून बघत होती, म्हणून नुसतं "बरी आहे" म्हणाले.

तेव्हापासून महिन्याला एक बाटली. दुकानात मी स्वतःच जाते. पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानदाराने अदबीने विचारलं, "सायबांना कुठली लागते?" मी म्हटलं, "साहेब ताक पितात. मला लाल द्या." त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. आता तो काही विचारत नाही, माझी बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून तयार ठेवतो.

कशाबरोबर काय जमतं हे मला कुणी शिकवलं नाही. चुकत चुकत शिकले. ठेच्याबरोबर वाईन घ्यायची नाही, कारण ठेचा कुणाचंच ऐकून घेत नाही. तळलेल्या बोंबलाबरोबर घेतली तर तोंडात गंजलेला खिळा चघळल्यासारखं होतं. भरल्या वांग्याचा दाण्याचा कूट तिला आवडतो. येसराच्या, म्हणजे भाजल्या धान्याच्या मसाल्याच्या आमटीला ती बिचकते. आणि सगळ्यात छान जमतं ते हुलग्याच्या, म्हणजे कुळथाच्या शेंगोळ्यांशी. हुलग्याच्या पिठात लसूण, मिरची, जिरं घालून घट्ट मळायचं, बोटभर वळ्या करून त्यांची कडी जुळवायची आणि उकळत्या मसाल्याच्या पाण्यात सोडायची. हुलगा म्हणजे काही लाडावलेलं धान्य नाही. खडबडीत, मातकट, गरिबाघरचं. पण त्या मातकटपणावर वाईनचा तुरट घोट गेला की दोघंही एकमेकांना ओळखतात. मला तरी तसं वाटतं. नवरा म्हणतो, "तुझं आपलं काहीतरीच," आणि ताकाचा ग्लास तोंडाला लावतो.

नवऱ्याच्या ताकामागे एक शब्द आहे. तो त्याने माझ्या वडिलांना दिला होता.

वडिलांना आम्ही नाना म्हणतो. नाना पाटबंधारे खात्यात होते, डोंगरातल्या एका धरणावर. भिंतीला लावलेल्या पट्टीवर पाण्याची पातळी वाचायची आणि वहीत लिहायची, हे त्यांचं काम. तीस वर्षं, दिवसातून तीनदा. पावसाळ्यात तर छत्री उलटी होईपर्यंत ते पट्टीसमोर उभे असायचे. अंदाजपंचे आकडा कधी लिहिला नाही. "पाणी खोटं बोलत न्हाई," ते म्हणायचे, "वाचणाराच खोटं बोलतो." घरात दुधाचं पातेलं, तेलाची बरणी, रॉकेलचा डबा, सगळ्याची पातळी त्यांना तोंडपाठ असायची. आई वैतागून म्हणायची, "आता माझ्या चहाच्या कपालापण पट्टी लावा."

नानांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, हातभट्टीची प्यायचे. गावाबरोबर त्यांनीही बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पाच शीलं सगळ्यांबरोबर म्हटली, पण पाचवं, मद्य न घेण्याचं, त्यांच्या तोंडातून आत काही उतरलं नाही. राजूरच्या बाजाराच्या दिवशी त्यांना शोधायला नानांना पाठवायचे. नाना तेव्हा दहा-अकरा वर्षांचे. बाप कुठल्या झाडाखाली पडलाय ते हुडकायचं आणि हाताला धरून घरी आणायचं. त्या वयात नानांनी ठरवलं की ते पाचवं शील आपण पाळायचं, बापाच्या वाटचंही. साठाहून जास्त वर्षं त्यांनी ते पाळलं. खोकल्याच्या औषधाची बाटलीसुद्धा आधी माझ्याकडून वाचून घ्यायचे, आणि नको तो घटक दिसला की आल्याचा रस पिऊन खोकत बसायचे.

माझं लग्न ठरलं तेव्हा नानांनी नवऱ्याकडे एकच मागितलं. "जावईबापू, मानपानाचं काही न्हाई. घरात बाटली नको." नवऱ्याने शब्द दिला. तो असा पाळला की आजही लग्नात कुणी आग्रह करायला आलं तर हा आधीच ताकाचा ग्लास ढालीसारखा पुढे धरतो. मला मात्र कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे मी काही मोडलेलं नाही, असं मी स्वतःला बजावत असे. आणि राजूर नगरपासून लांब. नाना आले तरी दोन दिवस राहायचे, तेवढ्यात बाटली साड्यांच्या कपाटात.

मग आई गेली. नाना आमच्याकडे राहायला आले.

आल्या आल्या त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. आईच्या आजारपणात ते सगळं शिकले होते, आणि आता हातांना काम हवं होतं. कारखान्यातून येऊन दार उघडलं की लसणाच्या फोडणीचा वास यायचा. राजूरहून ते काळभाताची, आमच्याकडच्या वासाच्या तांदळाची पिशवी घेऊन आले होते, तो शिजायला लागला की शेजारीण गॅलरीतून विचारायची, "आज काय विशेष?" पावसाळ्यात कुठून कुठून कुर्डूची भाजी मिळवायचे. शेंगोळे तर असे वळायचे की एकेक कडं सारख्या मापाचं. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, पण घरी आल्यावर हातपाय धुऊन ताटावर बसायचं आणि वडिलांनी वाढायचं, हे सुख मला पहिल्यांदाच मिळालं. आई असताना ते कधी वाट्याला आलं नव्हतं, कारण तेव्हा मी तिच्या हाताखाली असायचे.

अशा वेळी शहाण्या बाईने दोनातलं एक केलं असतं. वाईन सोडली असती, किंवा नानांना सांगितलं असतं. मी तिसरंच केलं.

राजूरकडच्या बचत गटाच्या बायका करवंदाचं सरबत करतात. त्याची रिकामी झालेली एक काचेची बाटली घरात होती, हिरव्या झाकणाची, वर करवंदाचं चित्र. मी वाईन तिच्यात ओतली आणि फ्रिजच्या दारात ठेवून दिली. रंग तोच. मला माझ्या हुशारीचं कौतुकच वाटलं. रविवारी मी ती स्टीलच्या पेल्यात घ्यायचे, आणि नानांनी विचारलं तर "पित्तावर आहे" म्हणायचे. "मग रविवारीच कसं गं पित्त व्हतं?" त्यांनी एकदा विचारलं. नवऱ्याला ताक पिताना ठसका लागला. मी म्हटलं, "आठवडाभराचं साचतं, नाना." ते हसले. मीही हसले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते.

नवरा म्हणाला होता, "हे बरं नाही. सांगून टाक." मी फणकारले, "तुम्ही गप्प बसा. तुम्हाला काय, तुम्ही ताक पिऊन मोकळे." माझ्या रागाचं असं आहे की जिथे माझी चूक असते तिथे तो लवकर येतो.

वैशाखी पौर्णिमा होती. मला सुट्टी मिळाली नव्हती. सकाळी नाना पांढरे कपडे घालून विहारात गेले, तिथून आल्यावर त्यांनी खीर केली. दुपारी त्यांचे विहारातले एक मित्र भेटायला आले. तेही म्हातारे, निवृत्त पोस्टमन, गुडघ्यांनी हैराण. बाहेर रखरखीत ऊन. नानांनी पाहुण्याला खीर दिली आणि मग काहीतरी गार द्यावं म्हणून फ्रिज उघडला.

साडेपाचला मी घरी आले. दारातूनच दिसलं. कोचावर दोन पांढरे सदरे, आणि दोघांच्या हातात काचेचे ग्लास. त्यांतलं पाणी फिकट लाल, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड तरंगत होती.

"ये गं," नाना म्हणाले. "तुझं सरबत जरा आंबलंय म्हणत्यात हे. वाईच साखर घातली."

"पण चव हाय हं," पाहुणे म्हणाले. त्यांचा ग्लास रिकामा होता. "कुठलं म्हणायचं हे? आमच्या सुनेला सांगतो आणायला."

तोंडाला येईल ते मी बोलले. खराब झालंय, फेकायचंच होतं, पोट बिघडेल, द्या इकडे. दोघांच्या हातातून ग्लास ओढून घेतले आणि मोरीत ओतले. बाटलीही उपडी केली. पाठीमागे पाहुणे म्हणत होते, "अहो, येवढं काही न्हाई, आमी ताकसुद्धा आंबलेलंच पितो." नानांचा ग्लास ओतताना माझं लक्ष पातळीकडे गेलं, बापाचीच सवय. जेमतेम बोटभर कमी झालं होतं. बोटभर का होईना. साठ वर्षांचं व्रत, आणि मी ते एका बोटात बुडवलं होतं. तेही पौर्णिमेला.

त्या संध्याकाळी नाना रोजच्यासारखे वागले. लवकर झोपले. सकाळी मी उठले तर ते घरात नव्हते. तासाभराने आले, केस ओले, पांढरा सदरा. "विहारात जाऊन आलो," एवढंच म्हणाले, आणि भाकऱ्यांना बसले.

नवरा म्हणाला, "सांगू नकोस आता. न कळत झालंय. त्यांना कळलं तर ते मोडून पडतील." आधी हाच म्हणत होता सांग, आता म्हणतो सांगू नकोस. पण त्याचं चुकत नव्हतं. सांगितलं तर नाना राहणार नाहीत, हे मला स्वच्छ दिसत होतं. ज्या घरात बाटली त्या घरात त्यांनी पाणीदेखील घेतलं नव्हतं; सख्ख्या भावाकडे ते वर्षानुवर्षं जेवले नाहीत. आणि नाही सांगितलं तर? तर ते माझ्या घरी, माझ्यासाठी रोज भाकऱ्या थापणार, आणि मी त्या खाणार. आता ते जमेना. घास तोंडात फिरायचा. ताटात काळभात असला की माझी मान वर व्हायची नाही. त्यानंतरच्या रविवारी मी स्टीलचा पेला काढलाच नाही. नानांनी विचारलं, "पित्त बरं झालं का?" मी "हो" म्हटलं. आणखी एक खोटं, पहिल्याच्या डोक्यावर.

पुढचा रविवार उजाडला. नाना ओट्याशी शेंगोळे वळत होते, मी लसूण सोलत होते. नवरा बाहेर पेपर वाचत होता. मी काही ठरवलं नव्हतं. लसणाची पाकळी हातातून निसटली, ती उचलायला वाकले, आणि खालूनच, त्यांचं तोंड दिसत नसताना बोलले.

"नाना, ते सरबत नव्हतं."

वर पाहिलं. त्यांची बोटं थांबली नव्हती. हातातलं कडं त्यांनी जुळवलं, परातीत ठेवलं, दुसरी वळी घेतली.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पहिल्या घोटातच कळलं."

ते परातीकडे बघतच बोलत राहिले. म्हणाले, "पाहुणा बसलेला. त्याचा ग्लास संपलेला. त्याच्यापुढं तुझी अब्रू कशी काढू? मी आपला ग्लास हातात धरून बसलो. त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी इहारात सांगितलं. दोघांनी मिळून पंचशील पुन्यांदा घेतलं. तो भला माणूस. म्हणाला, तरीच काल गुडघा दुखला न्हाई."

मी हसू लागले आणि ते हसणं कधी रडण्यात गेलं कळलं नाही. "मग मला का नाही बोललात? शिव्या द्यायच्या होत्या."

"तू सांगशील म्हणून वाट बघत हुतो." आता त्यांनी हात थांबवले. "माझा बाप पीत हुता हे सगळ्या गावाला ठावं हुतं. पण बाटली लपवायचा. आईच्या बाजरीच्या कणगीत. एक दिवस आई दळायला बाजरी काढाया गेली, तर हाताला बाटली लागली. पितो म्हणून ती कधी रडली न्हाई गं. त्या दिवशी रडली. म्हणली, माझ्या दाण्यात लपिवली. आन तू..." ते थांबले. "तू आपल्या डोंगरच्या करवंदात लपिवलीस."

मी तशीच फरशीवर बसून राहिले. त्यांनी शेंगोळे उकळत्या पाण्यात सोडले, हात धुतले. आम्हा दोघांना वाढलं. स्वतःला वाढून घेतलं नाही. "उद्या राजूरला जातो," म्हणाले. सकाळच्या एसटीने गेले. काळभाताची उरलेली पिशवी तशीच डब्यात होती, तिला हात लावायची माझी छाती झाली नाही.

त्यांनी फोन उचलला नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही. शेजारीण गॅलरीतून विचारत होती, "नाना कुठं गेले?" मी "गावाला" म्हणायचे आणि आत यायचे. पाच दिवस आम्ही नवरा-बायको पोळी-भाजी खात होतो. चवीबद्दल काय सांगू? सगळ्याला रंगाचा वास येत होता.

शनिवारी मी रजा टाकली आणि नवऱ्याने गाडी काढली. संगमनेर, अकोले करत दुपारी राजूरला पोचलो. दाराला कडी नव्हती. नाना चुलीपुढे बसले होते, पातेल्यात भात रटरटत होता. आम्हाला बघून ते उठले नाहीत, पण पातेल्यावरचं झाकण काढून त्यात आणखी दोन वाट्या पाणी आणि मूठ-मूठ तांदूळ घातले. माझ्या जिवात जीव आला. ज्याला हाकलून द्यायचं असतं त्याच्यासाठी कुणी भात वाढवत नाही.

जेवायला भात, वरण, आणि आईने घातलेल्या करवंदाच्या लोणच्याची शेवटची फोड. हात धुतल्यावर नाना नवऱ्याकडे वळले. "जावईबापू, तुमी शब्द पाळला. माझंच चुकलं. मी जावयाला विचारलं, लेकीला विचारलंच न्हाई. बाई माणूस घेईल असं माझ्या डोक्यातच आलं न्हाई बघा." नवऱ्याने मान खाली घातली. मग नाना माझ्याकडे बघत म्हणाले, "तीस वर्सं धरणाची पातळी वाचली. घरातली बाटली रविवारीच का उतरती, येवढं मला वाचता आलं न्हाई."

"नाना, मी सोडते," मी म्हणाले. खरंच म्हणाले. "आजपासून नाही."

"का घेतीस?"

हा प्रश्न मला कुणी कधी विचारला नव्हता, मीही नाही. मी म्हटलं, "खोटं वाटेल तुम्हाला. पण तिला इथल्यासारखी चव आहे. करवंदासारखी. जांभळासारखी. आठवड्यातून एकदा मला इथे आल्यासारखं वाटतं."

नाना म्हणाले, "खोटं न्हाई. पहिल्यांदा मलापण करवंदच लागलं. म्हणूनच तर घोट गिळला. मग मागनं बाप आला."

माझ्या आयुष्यात मी बरंच काही चाखलंय, पण नानांच्या त्या एका घोटातून कळलं तितकं मला कुणाचंच काही कळलेलं नाही. तेच पाणी, तीच चव. माझ्यासाठी तिच्या मागून डोंगर येतात, आणि त्यांच्यासाठी झाडाखाली पडलेला माणूस. दोन्ही खरं. त्यांनी माझं खोटं ठरवलं नाही, आणि मला त्यांचं खोडून काढायचं नव्हतं.

"सोड म्हणत न्हाई," नाना उठत म्हणाले. "शील ज्यानं त्यानं घ्यायचं असतं. माझं मी घेतलंय, तुझ्यावर घालाया ते काही खात्याचं परिपत्रक न्हाई. पण लपवायचं न्हाई. माझ्यापासनं न्हाई आन कुणापासनंच न्हाई." मग त्यांनी कोपऱ्यातली पिशवी उचलली. ती आधीच भरलेली होती. वर हुलग्याचं पीठ, खाली दोन सदरे.

नगरला परत आल्यावर दोन रविवार मी बाटली आणली नाही. तिसऱ्या आठवड्यात आणली, तिच्या मूळच्या बाटलीत, मूळच्या नावासकट फ्रिजच्या दारात ठेवली, आणि नानांना तसं सांगितलं. ते "हं" म्हणाले. करवंदाची रिकामी बाटली त्यांनी घासून उन्हात वाळवली होती. तिच्यात आता ते जिऱ्याची पूड ठेवतात.

त्या रविवारी शेंगोळे होते. नवरा ताक घेऊन बसला. मी सवयीने मांडणीवरून स्टीलचा पेला काढला आणि ताटाशी ठेवला. ओतायला गेले तर नानांनी तो उचलला. वाटलं, शेवटी नाही सहन झालं त्यांना.

ते उठून आत गेले. पाहुण्यांसाठीच्या काचेच्या ग्लासांतला एक त्यांनी धुतला, सदऱ्याला पुसला आणि माझ्यापुढे ठेवला. मग आपल्या जागेवर बसून त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला.

"यातच घे," ते म्हणाले. "स्टीलच्या पेल्यात पातळी दिसत न्हाई."